घराची माकडटोपी

आमच्या घराला मी कमरेपर्यंत बंगला आणि कमरेच्या वर तालुका कचेरी म्हणते. सासरचे लोक ऐकून घेतात. पुण्याची आहे, बोलणारच, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं आणि ते माझ्या फार सोयीचं झालं.

घर बंगळुरात, बसवनगुडीत आहे. प्लेगची साथ येऊन गेल्यावर मोकळी हवा मिळावी म्हणून गावाबाहेर जी वस्ती आखली, तिच्यातलं. आखणारे शहाणे होते. रुंद रस्ते, प्रत्येक घराला अंगण, अंगणात नारळ आणि सोनचाफा, दारात बसायला जगली, म्हणजे आपला ओटा. आमच्या घराचा खालचा मजला अजून त्याच काळात राहतो. लाल ऑक्साइडची जमीन पुसून पुसून इतकी गुळगुळीत झाली आहे की नव्या सुनेनं तिच्यावर एकदा तरी पडायचंच असतं. मी दोनदा पडले. पुढे व्हरांडा, त्याला लाकडी जाळी, वर मंगलोरी कौलं. इथवर बघणारा माणूस खूश असतो. मग तो मान वर करतो.

वर माडीची एक खोली आहे आणि तिला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी. त्या खिडकीवर सिमेंटचा जाडजूड छज्जा आहे. खिडकीला लोखंडी जाळी आहे आणि जाळीत उगवता सूर्य. सूर्याचे किरण पोपटी आहेत. ही सगळी सुधारणा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तरुणपणी स्वतः उभं राहून करून घेतली. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशिनांच्या सोबतीत गेलं, त्यामुळे लाकडावर त्यांचा विश्वास बसण्याचा प्रश्नच आला नाही. लाकूड फुगतं, आकसतं, त्याला वाळवी लागते. सिमेंट एकदा बसलं की बसलं, असं ते म्हणतात. छज्जा बसला आहे, यात वाद नाही. तो काढायचा तर माडी काढावी लागेल.

त्या छज्ज्याच्या जागी पूर्वी जे होतं त्याला बंगळुरात मंकी टॉप म्हणतात. खिडकीच्या डोक्यावरून पुढे काढलेलं लाकडी छप्पर, दोन्हीकडे उतार, वर टोक आणि खाली कातरलेल्या पट्ट्यांची झालर. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर ते अजून कुठे कुठे दिसतं. ऊन आत येत नाही, पाऊस येत नाही, वारा येतो. असं नाव का पडलं, याबद्दल आमच्या रस्त्यावर जितकी घरं तितकी मतं आहेत.

आता इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांची एक खोड सांगते. ही माणसं इंग्रजी शब्द मराठीत आणतात, मराठी शब्द कानडीत नेतात आणि दोन्हीकडे अर्ध्यावर सोडून देतात. आमच्या घरात मंकी टॉपची झाली माकडटोपी. आणि जिला सगळा महाराष्ट्र माकडटोपी म्हणून ओळखतो, ती थंडीत कानांवरून ओढायची लोकरीची टोपी, ती इथे मंकी कॅप. म्हणजे घराची टोपी मराठीत आणि डोक्याची टोपी इंग्रजीत. हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणीच सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हा मला दोन गोष्टी लगेच कळल्या होत्या. एक, शहराच्या दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्याच्या ऑफिसात रोज जाण्यापेक्षा पुण्याला जाऊन येणं सोपं आहे. दुसरी, अण्णा त्यांच्या थोरल्या बहिणीशी बोलत नाहीत.

भांडण म्हणावं असं काही दिसत नसे. आत्या धारवाडला असतात. सणावाराला यायच्या, चार दिवस राहायच्या, भावाला आवडतात म्हणून शेंगा-चटणीची बरणी आणायच्या. फक्त दोघं एकमेकांशी थेट बोलायचे नाहीत. सगळं सासूबाईंमार्फत चालायचं.

"त्याला विचार, भात वाढू का," आत्या म्हणायच्या. तो म्हणजे अण्णा, हाताच्या अंतरावर बसलेले.

"अक्काला सांग, स्वल्प वाढ."

"स्वल्प वाढा म्हणतायत," सासूबाई म्हणायच्या, आणि आत्या स्वल्प वाढायच्या.

हे पन्नास वर्षं होत आली तरी चालू होतं. फोनवरही तसंच. सासूबाई रिसीव्हर कानाला लावून एक वाक्य तिकडचं इकडे आणि एक इकडचं तिकडे करत. मला सुरुवातीला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. मी माझ्या मैत्रिणींना नक्कल करून दाखवायची.

गेल्या वर्षी सासूबाईंचे कान कमी झाले आणि गंमत संपली. आत्यांनी फोनवर सांगितलं की डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. सासूबाईंनी ऐकलं ते पोळ्यांचं प्रदर्शन. धारवाडात महिला मंडळं काय वाटेल ते करतात, म्हणून त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. त्यांनी ते अण्णांना सांगितलं.

"या वयात कशाला नसती उठाठेव?" अण्णा म्हणाले.

हे वाक्य मात्र सासूबाईंनी नीट ऐकलं आणि जसंच्या तसं पुढे पोचवलं. आत्यांनी फोन ठेवला.

प्रकार काय झाला ते माझ्या नवऱ्याला आठवड्यानंतर आत्यांच्या सुनेकडून कळलं. मग आम्ही फोन केले, पण आत्या घेईनात. सून म्हणे, त्या झोपल्यात. त्या देवळात गेल्यात. त्या नंतर करतील. गौरीला शेंगा-चटणी आली नाही. दिवाळीला आली नाही. अण्णा जेवताना ताटाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघायचे, जिथे ती चटणी असायची.

सासूबाई एकदा मला माजघरात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, माझे कान गेले की या दोघांचं नातं गेलं. दोघंही सत्तरीच्या पुढचे. पुढचं आता तू बघ."

सासरकडून लोकांना दागिने मिळतात, मला टेलिफोन एक्स्चेंज मिळत होतं. त्या रात्री मी नवऱ्याला धरलं. या भांडणाचं मूळ काय ते एकदा सांग, म्हटलं, मुळावरच घाव घालू.

"माकडटोपी," तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आत्याची आवडती होती. अण्णांनी काढली. ती चिडली आणि लग्नानंतर जाताना घेऊन गेली. तेव्हापासून बोलत नाहीत."

एका लोकरीच्या टोपीवरून बहीण-भाऊ अर्धं शतक बोलत नाहीत, हे माझ्या डोक्यात शिरेना. मग वाटलं, जुनी माणसं. त्यांच्याकडे टोप्या कमी होत्या आणि वेळ भरपूर होता. मी आईला पुण्याला फोन करून सांगितलं. आई आधी हसली नाही. तिनं विचारलं, "लोकरीची होती की मिक्स?"

"आई, त्यानं काय फरक पडतो?"

"चांगली लोकर माणूस विसरत नाही," आई म्हणाली. आमच्याकडेही वेळ भरपूर आहे.

त्यात रविवारची भानगड सुरू झाली. आमच्या रस्त्यावरून हल्ली दर रविवारी सकाळी हेरिटेज वॉक निघतो. पंधरा-वीस तरुण मुलं-मुली, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि पुढे छातीला छोटा माइक लावलेला एक मुलगा. तो समोरच्या वकिलांच्या घरापुढे थांबतो. वकिलांच्या घराला तीन मंकी टॉप आहेत, तिन्ही शाबूत, हिरव्या रंगाचे. रविवारी त्याच वेळेला वकील इस्त्रीचा शर्ट घालून जगलीवर पेपर वाचायला बसतात, इतर दिवशी ते बनियनवर असतात. मुलं फोटो काढतात, वकील दिसलेच नाहीत असं दाखवतात. मग माइकवाला आमच्या घराकडे वळतो, आमच्या पोपटी सूर्याकडे हात करतो आणि म्हणतो, "अँड दिस वन, अनफॉर्च्युनेटली, इज आल्टर्ड." आणि सगळे पुढे जातात.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अण्णा आत आले आणि त्यांनी मला विचारलं, "आल्टर्ड म्हणाला तो. आल्टर तर पँट करतात की?" मी काहीतरी सारवासारव केली. पण त्यांना लागलं होतं. पुढच्या रविवारपासून ते वॉकच्या वेळी परसात जाऊन बसू लागले. मला त्या माइकवाल्याचा इतका राग आला की एकदा मी माडीवरून झाडांना पाणी घालताना जरा जास्तच घातलं.

डिसेंबर लागला. बंगळुरात डिसेंबरात थंडी पडते, आणि अण्णांना खोकला झाला. डोक्याला पंचा गुंडाळून ते व्हरांड्यात बसले होते. मी कॉफी घेऊन गेले तर स्वतःशीच म्हणाले, "डोक्यावर माकडटोपी होती तेव्हा काय रुबाब होता."

मला वाटलं, हीच वेळ. जवळ बसले. म्हटलं, "अण्णा, आत्यांनी नेली ना ती?"

"नेली. बसच्या टपावर टाकून नेली."

"टपावर कशाला?"

"आत मावेना."

आत मावेना याचा अर्थ मी बसमध्ये गर्दी होती असा घेतला. आता कुणी विचारलं तर मलाही सांगता येत नाही की का घेतला.

"मग परत मागायची," मी म्हटलं.

"बिडू," अण्णा म्हणाले. बिडू म्हणजे कानडीत सोडून दे. "मागायचं तोंड आहे का मला? आणि आता काय उरलं असेल तिचं? तेव्हाच ती आमच्या आज्जाच्या वेळची होती."

आजोबांची टोपी म्हटल्यावर माझं मन भरून आलं. मी दुसऱ्याच दिवशी गांधी बाजारात गेले आणि चांगली, शुद्ध लोकरीची, मरून रंगाची टोपी आणली. अण्णांच्या हातात दिली.

"अरे वा, मंकी कॅप," ते म्हणाले, लगेच घातली आणि आरशात पाहिली. मला वाटलं, कारखान्यात आयुष्य गेलं, इंग्रजी शब्द तोंडात बसलाय. खोकला चार दिवसांत गेला. पण रविवारी वॉक येऊन गेला आणि अण्णा परसातून परत येताना माडीकडे बघून म्हणाले, "माकडटोपी ती माकडटोपीच." डोक्यावर माझी टोपी होती. मला जरा राग आला, पण मग म्हटलं, आजोबांची ती आजोबांची.

तेव्हा मी धारवाडला आत्यांना मेसेज केला. नीट विचार करून, मराठीत, एकेक शब्द तपासून लिहिला.

"आत्या, नमस्कार. ऑपरेशनच्या वेळचा निरोप चुकून गेला होता, त्याबद्दल सगळ्यांना फार वाईट वाटतंय. अण्णा तोंडानं कधी म्हणणार नाहीत, पण त्यांना माकडटोपीची सारखी आठवण येते. नवी आणली, पण त्यांचं समाधान नाही. तुमच्याकडे असेल आणि फार खराब झाली नसेल तर पाठवाल का? कुरिअरचं मी बघते."

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मात्र तीन दिवस आलं नाही. चौथ्या दिवशी आलं.

"कुरिअर घेत नाही म्हणतात. मीच घेऊन येते. शनिवारी."

मी ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बाप रे, खरंच आणणार?" आणि मीटिंगमध्ये गेला. मला ते उत्तर फार हळवं वाटलं. बाई एवढीशी टोपी द्यायला स्वतः येतेय, कुरिअरचं निमित्त करून. मी सासूबाईंना सांगितलं की आत्या येतायत. का येतायत ते सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. त्यांना चकित करायचं होतं.

शनिवारी दुपारी फाटकाशी एक टेम्पो येऊन थांबला. पुढच्या सीटवरून आत्या उतरल्या, डोळ्यांना काळा चष्मा. मी पाया पडले. "बस, बस," त्या म्हणाल्या, "आधी हे उतरवून घ्या. सांभाळून, टोक आहे त्याला."

मागे ताडपत्रीखाली खाटेएवढं काहीतरी होतं. ड्रायव्हरनं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून ते उतरवलं, व्हरांड्याच्या पायरीशी टेकवलं आणि ताडपत्री ओढली. लाकडी, हिरव्या रंगाचं, दोन्हीकडे उतार, वर टोक, खाली पट्ट्यांची झालर. दोन पट्ट्या तुटलेल्या.

"अय्यो," सासूबाई दारातून म्हणाल्या, "माकडटोपी."

मी इंजिनिअर आहे. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागत नाही, पण त्या दुपारी लागला. मी वकिलांच्या घराकडे पाहिलं, आमच्या माडीकडे पाहिलं, समोरच्या त्या धुडाकडे पाहिलं. मग बसचा टप आठवला आणि माझे कान गरम झाले.

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. डोक्यावर मरून टोपी, कानांपर्यंत ओढलेली. पायरीवरच थांबले. त्या लाकडाकडे बघत राहिले, आणि मग बहिणीकडे.

आत्या सासूबाईंकडे वळल्या. "त्याला सांग, मागितलीस म्हणून आणली. गोठ्याच्या खिडकीवर बसवली होती. म्हशींनी सावली खाल्ली इतकी वर्षं. गोठा मोडल्यावर माळ्यावर ठेवली. वाळवी लागू दिली नाही म्हणावं."

"म्हशींनी खाल्ली म्हणतायत," सासूबाई म्हणाल्या.

"मागितली?" अण्णा म्हणाले. "कुणी?"

आत्यांनी हे ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडलं. त्यांनी मान वर करून छज्ज्याकडे पाहिलं, पोपटी सूर्याकडे पाहिलं. "आणि विचार त्याला, नवी आणली होती ना, तिच्यानं समाधान झालं नाही म्हणे. कुठाय ती नवी? इथं तर मला तेच सिमेंट दिसतंय. का माझ्या डोळ्यांना अजून नीट दिसत नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नको तिथे पाहिलं, म्हणजे अण्णांच्या डोक्याकडे. अण्णांनी माझी नजर पकडली. त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि त्यांनी ती टोपी चाचपली. मग त्यांनी त्या लाकडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. कळलेलं मला दिसलं.

मला फार भीती वाटली. अण्णा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, आणि त्यांनी कुणाकडे काही मागितलेलंही मी पाहिलेलं नाही. जेवताना मीठ लागलं तर ते उठून स्वतः आणतात. आता ते म्हणतील, मी काही मागितलं नाही, पोरीचा घोटाळा झाला. आत्या त्याच टेम्पोत बसतील, आणि यानंतर ना फोन, ना शेंगा-चटणी. हे सगळं माझ्यामुळे होणार होतं, आणि तरी मला मधूनच म्हशींचं हसू येत होतं. मी खांबाला धरून उभी राहिले.

अण्णांनी टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि केस सारखे केले.

"मीच मागितली," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं हिला, लिही म्हणून."

आत्यांनी पदरानं त्या लाकडावरची धूळ पुसली, जी तिथे नव्हती. मग सवयीनं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याला विचार, कुठं ठेवू हे?"

मीही सवयीनं तोंड उघडलं. मला पुढचं वाक्य पाठ होतं.

"मला विचार की, अक्का," अण्णा म्हणाले. "मी इथंच आहे."

सासूबाईंना ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणाले? काय सांगू?" त्या मला विचारू लागल्या. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की काही सांगायचं नाही, ते दोघं बोलतायत. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि कॉफी ठेवायला आत गेल्या. मी इतकी वर्षं त्यांची नक्कल करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की बाई दमली असेल.

माकडटोपी वर बसण्याचा प्रश्नच नव्हता. सिमेंट बसलं होतं. तिला व्हरांड्यातच भिंतीशी उभी केली, टोक वर. ती इतकी मोठी दिसत होती की तिच्यापुढे उदबत्ती लावावीशी वाटत होती. एका बाजूला आत्या खुर्चीवर बसल्या, दुसऱ्या बाजूला अण्णा. कॉफी आली. आणि मग पन्नास वर्षं साठलेलं भांडण सुरू झालं, कुणालाही मध्ये न घेता. आवाज इतके चढले की समोर वकील बनियनवरच बाहेर आले. मला इतका आनंद झाला होता की मी ड्रायव्हरला दोनदा उप्पीट वाढलं.

शेवटी आत्या दमल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "का काढलीस रे? एवढंच सांग. मामाकडे महिनाभर गेले काय आणि तू खिडकी बोडकी केलीस. मला विचारलं का नाहीस?"

अण्णा कपातल्या कॉफीकडे बघत बोलले. "ते म्हैसूरचं स्थळ आठवतं? बघून गेले आणि फिसकटलं. मी बाबांना विचारलं, का? ते म्हणाले, त्यांना आपलं घर जुन्या वळणाचं वाटलं. मला असा राग आला, अक्का. आमच्या बहिणीला घरावरून नको म्हणतात काय? पहिला पगार हातात आला होता. म्हटलं, पुढचे लोक यायच्या आत घर असं नवं करतो की कुणाची बोलायची छाती होऊ नये. तुला सांगितलं असतं तर नकार आल्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही हे नवीन होतं. तो पोपटी सूर्य मी इतकी वर्षं चेष्टेचा विषय करून ठेवला होता, आणि तो बहिणीसाठी होता.

आत्यांनी काळा चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे लाल होते, ऑपरेशनमुळे असतील.

"नकार त्यांचा नव्हता," त्या म्हणाल्या. "माझा होता."

"म्हणजे?"

"मी माडीवर होते. माकडटोपीच्या आड उभं राहिलं की खालून कुणाला दिसायचं नाही, मला मात्र फाटकापासून सगळं दिसायचं. तो टांग्यातून उतरला. म्हातारी आई मागे उतरायला धडपडत होती, तिला हात दिला नाही. टांगेवाल्याला नाही नाही ते बोलला. आणि दारात येऊन असा हसला की जसा काही देवमाणूस. नंतर केसरीबाताच्या बशा द्यायला मी खाली आले तेव्हा मान खाली घालून बसले, बघायची गरजच नव्हती, बघून झालं होतं. ते गेल्यावर बाबांना म्हटलं, हा नको. बाबांनी ऐकलं माझं. पण मुलीनं नको म्हटलं, असं तेव्हा कोण कुणाला सांगणार? म्हणून त्यांनी घरावर ढकललं."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"परत आले तर खिडकी उघडी," आत्या म्हणाल्या. "झालर नाही, आडोसा नाही. खिडकीत गेलं की रस्त्यावरून मीच दिसायची, त्या तुझ्या सूर्यामागे. धारवाडचे बघायला आले तेव्हा मी माडीच्या जिन्यात बसून राहिले. न बघताच हो म्हटलं. माणूस चांगला निघाला, ते माझं नशीब. त्यात तुझ्या सिमेंटचं काही नाही."

मी आत जावं असं मला वाटत होतं, पण पाय निघेना.

"अक्का," अण्णा म्हणाले, "मग हे इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"कुणाकरवी सांगणार होते रे?" आत्या म्हणाल्या.